थांबू दे

ती बाई आठवडी बाजाराला आली की माझ्याकडून तंबाखू न्यायची, पण नाव तिने कधी सांगितलं नाही. माळशिरसकडची, मेंढरांमागे फिरणारी. आवाज असा, की टांग्याच्या घोड्याने कान पाडावेत! राग आला की आधी कमरेच्या चंचीचा बंद करकचून आवळायची आणि मग तोंड उघडायची.

माझ्या दुकानासमोर लोकरीची वखार होती. तिथे स्प्रिंगचा काटा टांगलेला. गाठोडं आकड्याला लावलं की ते वर-खाली नाचायचं. तोलणारा मोठा चलाख. गाठोडं वर उसळलं, काटा हलका दिसला, की तेवढ्यात वजन पुकारून मोकळा!

त्या दिवशी तिची सगळी लोकर आकड्याला लागली. तोलणाऱ्याने तोंड उघडलं. तिने बंद आवळला.

"मुडद्या, नाचतंय त्ये! थांबू दे की."

"म्हातारे, मागं रांग लागलीय."

"लागू दे. मेंढरं माजी, लोकर माजी, आन् नाच तुजा व्हय?"

त्याने हळूच बोटाने गाठोड्याला पुन्हा झोका दिला. तिने ते बोटच मुठीत धरलं. सोडेचना! तोलणारा चवड्यांवर उभा, रांग खो-खो हसतेय, आणि गाठोडं आपलं दमत दमत स्थिर झालं.

"आता वाच. मोट्यानं."

त्याने वाचलं. एवढ्या गाठोड्याला एरवी तो पुकारायचा, त्यापेक्षा आकडा बराच मोठा निघाला. रांगेतल्या लोकांनी आपापल्या गाठोड्यांकडे पाहिलं, आणि हसू एकदम बंद पडलं.

ती तणतणत माझ्याकडे आली. मी तंबाखू तोलायला तराजू उचलला.

"त्यो बी थांबू दे," ती म्हणाली.