माझं नाव घेणारी बाई

"डेलिरियम," डॉक्टर माझ्या बायकोला, सुशीलाला म्हणाले. म्हणजे आजारपणात अचानक होणारा भ्रम. "न्यूमोनियामुळं झालाय. त्यांना नावानं हाक मारा, कुठं आहेत ते सांगत राहा."

लगेच ती खाटेजवळ आली. "भानुदास, तुम्ही धाराशिवला दवाखान्यात हाव."

मी गारठलो.

आम्ही तेर गावचे. लग्नातल्या उखाण्यानंतर सुशीलानं माझं नाव घेतलेलं नाही. रेशन दुकानातसुद्धा ती शेजारणीला कोपरानं ढोसते, मग शेजारीण सांगते. आणि ही बाई सरळ डोळ्यांत बघून म्हणते, भानुदास!

चेहरा सुशीलाचाच होता. हनुवटीवरचं गोंदण, आवाज, सगळं बरोबर. गावच्या नाटकांत रावणापासून फौजदारापर्यंत सगळं केलेला माणूस मी, सोंग ओळखतो. हे सोंग फार बारकाईनं केलेलं होतं. फक्त भिंतीवरची तिची सावली जरा उशिरा वळायची.

मी तोंड मिटलं. पाणी नाही, गोळी नाही. ऑक्सिजनचा मास्क ओढून काढला. नर्सनं लावला, पुन्हा काढला. मला धाप लागली. डॉक्टर म्हणाले, "असंच चाललं तर हात बांधावे लागतील. ऑक्सिजन खाली चाललाय."

मी त्यांचा कोट धरला. "साहेब, हिला बाहेर काढा. माझी बायको माझं नाव घेत न्हाय."

डॉक्टर तिच्याकडं वळले. "एरवी काय म्हणता यांना?"

"तुम्हीच नाव घ्या म्हणला, म्हणून घेतलं," ती म्हणाली. "जीभ झडंल वाटत हुतं." मग डोक्यावर पदर ओढून माझ्याकडं वळली. "आवं, ऐकलं का? तोंड उघडा. लई नाटकं झाली."

मी उघडलं. मास्कही राहू दिला.

मी शुद्धीवर आल्यावर डॉक्टरांनी समजावलं. जंतू छातीतच होते. पण शरीर रक्तात धोक्याचे संदेश सोडतं, सायटोकाइन्स. मेंदूतल्या रक्तवाहिन्यांना आतून एंडोथेलियल पेशींचं अस्तर असतं. एरवी त्या एकमेकींना घट्ट धरून असतात, नको ते मेंदूत जाऊ देत नाहीत. संदेशांचा मारा झाला की पकड सैल होऊ शकते, आणि त्या पेशी तेच धोक्याचे संदेश मेंदूला कळवू लागतात. मग मेंदू गोंधळतो, ओळखीचं माणूसही परकं वाटतं.

तुमचं माणूस आजारात एकाएकी तुम्हाला परकं समजायला लागलं, तर वाद घालू नका. देवऋषीही शोधू नका. ताबडतोब डॉक्टरांना सांगा.

औषधांनी मी बरा झालो. सावली मात्र घरी आल्यावरही काही दिवस उशिराच वळत होती. मी सुशीलाला ते सांगितलं नाही. तिनंही पुन्हा नाव घेतलेलं नाही. भीतीपायी तेव्हा लक्षात आलं नव्हतं, पण आता आठवतं, तिनं ते फार जपून उच्चारलं होतं.