खांबाला सांगितलेली हरकत

माझ्या थोरल्या मामांइतका अबोला धरणारा माणूस सगळ्या मराठवाड्यात दुसरा सापडणार नाही, आणि अबोला धरून त्यांच्याइतकं बोलणाराही सापडणार नाही. कुणाचा राग आला की मामा त्याच्याशी बोलणं बंद करत, आणि त्या क्षणापासून त्याला जे सुनवायचं ते जवळच्या वस्तूला सुनवायला लागत. घरी असले तर ओसरीचा बाभळीचा खांब, शेतात असले तर बैल, एसटीत असले तर पुढच्या सीटची दांडी. ज्याला ऐकवायचं तो माणूस हातभर अंतरावर उभा असे. त्याच्याकडे ढुंकूनही न बघता मामा म्हणत, "बघ रे खांबा, काही लोकांना दुसऱ्याचा बांध कोरायची लई हौस असती. सांग त्यांना, बांध सरकला तरी माणूस हाय तेवढाच राहतो." खांब काही बोलत नसे. बांध कोरणारा मात्र खाली मान घालून निघून जाई, आणि चार दिवसांत बांध जागेवर येई.

मामीशी त्यांचा अबोला महिन्यातून एकदा तरी व्हायचाच. मामीनेही हा कारभार शिकून घेतला होता. जेवायला बसल्यावर मामा म्हणत, "खांबा, वरणात मीठ न्हाई." चुलीपासून उत्तर येई, "खांबा, मिठाचा डबा पुढ्यातच हाय, हात मोडले का विचार." "हात मोडले न्हाईत म्हण, हातानं घ्यायची सवय न्हाई." "मग अळणी गिळ म्हणावं." असं जेवण उरकेपर्यंत चाले. एकदा धर्माबादहून एक पाहुणे मुक्कामाला आले होते. दुसऱ्या दिवशी जाताना ते मला बाजूला घेऊन म्हणाले, "बापू, ह्या घरात खांबाइतका मान कुणालाच न्हाई रे."

माझ्या गावात सातवीच्या पुढे शाळा नव्हती, म्हणून मी मामांकडे राहून शिकलो. कंधारकडच्या डोंगरपट्टीतलं ते लहानसं गाव. गावाच्या एका टोकाला आमच्या बौद्ध लोकांची वस्ती आणि वस्तीला पाठ लावून काळ्या दगडाची टेकडी. शाळेतले एक गुरुजी रोज प्रार्थनेच्या वेळी माझ्या हातात झाडू देत. बाकीची पोरं ओळीत उभी राहत आणि मी व्हरांडा झाडत असे. हे कळल्यावर मामा शाळेत आले. गुरुजी दारातच उभे होते. मामा त्यांच्यासमोरून पुढे गेले, पटांगणातल्या लिंबाच्या झाडासमोर उभे राहिले आणि सगळ्या शाळेला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाले, "लिंबा, तू लई वर्षांपासून हितं हाईस. तुला ठाऊक असंल. ह्या शाळंत झाडायला शिपाई हाय ना? मग आमचा भाचा काऊन झाडू मारून राहिला? त्याला आम्ही झाडायला धाडला का शिकायला, एवढं विचारून ठेव. मी उद्या येतो." दुसऱ्या दिवशी त्यांना यावं लागलं नाही. आज मी लातूरला एका क्लासमध्ये रसायनशास्त्र शिकवतो. घरात पहिला पदवीधर मी. पदवी मला विद्यापीठाने दिली हे खरं, पण ती मिळण्याच्या आधी ते लिंबाचं झाड आहे, हे मी विसरलेलो नाही.

अबोला सोडायचाही मामांचा एक नियम होता, आणि त्याला अपवाद नव्हता. माफी चालत नसे, मध्यस्थ चालत नसे, मिठाई तर मुळीच नाही. समोरच्याने ओसरीवर यायचं, बसायचं आणि मामांच्या हातचं तांब्याभर पाणी प्यायचं. पाणी प्यालं की मागचं सगळं मिटलं, आणि पाणी पिऊन दिलेला शब्द म्हणजे पक्का शब्द. कारण ते पाणी साधं नव्हतं. माझ्या आजोबांच्या काळी गावच्या विहिरीवर आमच्या लोकांना पोहरा टाकू देत नसत. तेव्हा वस्तीने टेकडीच्या पायथ्याशी स्वतःची विहीर खणली. दिवसभर दुसऱ्याच्या शेतात राबायचं आणि सांजेला पहारी घेऊन दगड फोडायचा. सगळा पाषाण. लोक हसत होते. शेवटी टेकडीच्या बाजूने झरा फुटला, आणि तो असा गोड की पुढे एका दुष्काळात अख्खं गाव घागरी घेऊन त्याच विहिरीवर आलं. मामांनी कुणालाच अडवलं नाही. फक्त रहाटाजवळ उभे राहून रहाटाला म्हणाले, "पाण्याला जात न्हाई हे तुला पहिल्यापासून ठाऊक होतं. काही लोकांना जरा उशिरा कळलं. कळलं हे बरं झालं." गावच्या पाटलांशी त्यांचा कैक वर्षांचा अबोला होता, कारण पाटील वस्तीत यायचे पण पाण्याला नाही म्हणायचे. मुलीच्या लग्नाचं आवतण द्यायला पाटील आले, ओसरीवर बसले, तांब्या तोंडाला लावला आणि रिकामा करून खाली ठेवला. त्या दिवशी मामा त्यांच्याशी दिवे लागेपर्यंत बोलत बसले. साठलेलं सगळं काढलं. पाटील उठायला लागले की मामा म्हणत, "बसा हो, आता कुठं तुमच्या बापापर्यंत आलोय."

टेकडीच्या पलीकडच्या अंगाला खडीची खाण आणि क्रशर आला तेव्हा त्याचा मालक स्वतः वस्तीत आला होता. शहरातला माणूस, बोलायला गोड. मामांच्या ओसरीवर बसून म्हणाला, "काका, विहिरीच्या बाजूला आपण हातच लावणार नाही." मामांनी पाणी दिलं. तो प्याला. मामांच्या दृष्टीने हे रजिस्ट्री कचेरीतल्या सह्यांपेक्षा मोठं होतं. मग सुरुंग सुरू झाले. तुरीच्या फुलांवर पांढरी धूळ बसायला लागली, ओसरीच्या भिंतीला चीर गेली, फळीवरची मामीची भांडी दुपारच्या सुरुंगाला आपोआप वाजायला लागली. आणि एक दिवस कळलं की खाण वाढवायची परवानगी मागितली आहे. टेकडीचं उरलेलं अंग, म्हणजे विहिरीची बाजू. म्हणजे झराच. त्यासाठी गावात जनसुनावणी होणार होती.

मामांनी सगळ्या गावाला समाजमंदिरासमोर बोलावलं. पाटीलही आले. मामांनी ठरवलं ते सगळ्यांना पटलं: सुनावणीला सगळ्यांनी जायचं, पण त्या मांडवात कुणी तोंड उघडायचं नाही. मालकाकडे पाठ करून बसायचं. त्याचं पाणी प्यायचं नाही, खाणं घ्यायचं नाही. सगळ्या गावाने अबोला धरला तर माणसाला जगणं नकोसं होतं, हे आमच्याकडे लहान पोरालाही माहीत आहे. याहून मोठी शिक्षा गावापाशी नव्हती. मी लातूरहून आदल्या दिवशीच आलो होतो. मी म्हणालो, "मामा, तिथं बोलावं लागतं. साहेबांकडं तोंड करून, नाव सांगून. गप्प राहिलं तर ते होकार धरतील."

मामांनी माझ्याकडे पाहिलं नाही. माझ्याशीही अबोला सुरू झाला होता.

"खांबा," ते म्हणाले, "लातूरला पोरं शिकवणाऱ्याला सांग. ज्यानं आपलं पाणी पिऊन शब्द मोडला, त्याच्याच मांडवात त्याच्या तोंडाला तोंड द्यायचं म्हणजे त्याला पुन्हा माणसात घेणं हाय. एवढं रसायन आम्हालाबी कळतं."

मांडव शाळेच्या पटांगणात होता आणि तो मालकानेच घातला होता. मंचावर एकाच सोफ्यावर सुनावणी घ्यायला आलेले सरकारी साहेब आणि मालक शेजारी शेजारी. गार पाण्याच्या बाटल्या, चिवड्याच्या पुड्या. गाव आलं. म्हाताऱ्या, लेकुरवाळ्या, पाटील, सगळे आले आणि मंचाकडे पाठ करून जमिनीवर बसले. एकाही बाटलीला हात लागला नाही. ऊन असं की ओठ सुकलेले. साहेबांनी माइकवरून विचारलं, "कुणाची काही हरकत आहे का?" सगळ्या पाठी गप्प. पुन्हा विचारलं. तेव्हा मामा उठले, मांडवाच्या मधल्या बांबूपाशी गेले, त्यावर हात ठेवला आणि बोलायला लागले.

"बांबू, तू आमच्या गावचा न्हाईस, भाड्यानं आलास, म्हणून तुला सांगून राहिलो. ही विहीर माझ्या बापानं खणली. त्याच्या हाताची सालटं गेली. त्याला कुणी पाणी दिलं न्हाई म्हणून त्यानं खणली, आणि पाणी लागल्यावर त्यानं सगळ्यांना दिलं. एक माणूस आला. पाणी प्याला. शब्द दिला. त्याच तोंडानं आज तो टेकडी मागून राहिला. टेकडी गेली तर झरा गेला. झरा गेला तर माझ्या बापाचे हात गेले. त्याला इचार, खडी विकून तो रस्ता करंल, रस्त्यावरून गाड्या जातील, पण तहान लागल्यावर त्या गाड्या थांबणार कुठं? आमचं न्हाई म्हणणं हाय. सगळ्या गावाचं न्हाई हाय. तू उद्या दुसऱ्या गावाला जाशील, तिथंबी सांग."

एक म्हातारी पदराने डोळे पुसत होती. मी उठलो, मंचाकडे तोंड केलं, नाव सांगितलं आणि म्हणालो की हीच आमची हरकत आहे, लिहून घ्या. साहेबांनी विचारलं, "आपण राहायला कुठं?" मी म्हणालो, लातूर. "मग आपण स्थानिक नाही. बसा." शेजारी मालक बाटलीतून पाणी पीत होता.

सुनावणीचा अहवाल नंतर आम्हाला मिळाला. त्यात लिहिलं होतं की सुनावणी शांततेत पार पडली, ग्रामस्थांनी हरकत घेतली नाही, आणि एक वृद्ध गृहस्थ मंडपाच्या खांबाशी असंबद्ध बोलत होते.

असंबद्ध. मी तो शब्द पुन्हा पुन्हा वाचला. साहेबांना कळलं नसेल असं कुणी मला सांगू नये. ते काही परदेशातून आलेले नव्हते. त्यांचं आडनाव, त्यांचं बोलणं, सगळं आपल्याकडचंच होतं. त्यांच्या आईने कधी वडिलांवर रुसून भिंतीला चार शब्द सुनावले नसतील? त्यांच्या भावकीत कुणी कुणाच्या घरचं पाणी सोडलं नसेल? एवढं गाव उन्हात पाठ करून तहानलेलं बसलं होतं, आणि त्याचा अर्थ कळायला पदवी लागत नाही. उलट मला वाटतं, पदवी लागते ती तो अर्थ न कळल्याचं दाखवायला. मी शिक्षणाचे उपकार मानणारा माणूस आहे. मला घडवलं ते शिक्षणाने. म्हणूनच मला जास्त राग आला. ज्या अक्षरांसाठी मामा त्या लिंबाशी भांडले होते, त्याच अक्षरांनी त्यांना वेडं ठरवलं.

परवानगी मिळाली. टेकडी उतरत गेली. विहिरीचं पाणी आधी गढूळ झालं, मग तळाला गेलं, मग नुसते दगड उरले. आता वस्तीत टँकर येतो. तो खाणवालेच पाठवतात आणि त्यावर त्यांचं नाव मोठ्या अक्षरांत रंगवलेलं आहे.

आणि मामा बदलले. टँकरच्या रांगेत उभे राहून ते ड्रायव्हरला म्हणतात, "दादा, जरा थांबता का, नळी पुरंना." नळी मागे नेऊन देणाऱ्याला म्हणतात, "लई मेहरबानी." आता ते सगळ्यांशी तोंडाकडे बघून बोलतात, गोड बोलतात, कुणाचा राग धरत नाहीत. गाव म्हणतं, म्हातारा सुधारला. मामी मात्र मला फोनवर म्हणाली, "बापू, वरणात मीठ नसलं तरी खाऊन उठून राहिले. तू ये, आन् कायबी करून एकदा भांडण लाव."

मी गेलो. मामा ओसरीवर बसले होते. मला पाहून सरळ माझ्याकडे तोंड करून म्हणाले, "आलास का बाळा. बरा हाईस ना?" एवढ्या मायेने ते माझ्याशी आयुष्यात बोलले नव्हते. मला भीती वाटली. मी त्यांच्याशी बोललो नाही. खांबाजवळ बसलो आणि खांबाला म्हणालो, "खांबा, तुझ्या मालकाला सांग. खाणवाल्यांनी खाण आणखी वाढवायला मागितली, पुन्हा सुनावणी हाय. पाटील आणि सगळं गाव मिळून पुन्हा हरकत घेऊन राहिलेत. या वेळी सगळे तोंडानं बोलणार, नाव सांगून. सगळे तयार हायत. पण एक माणूस टँकरवाल्याला दादा म्हणायला लागलाय, त्याला बोलता येईल का न्हाई, तेवढं विचार."

मामी दारात येऊन उभी राहिली. पलीकडे क्रशर घरघरत होता. मामांनी हात लांब करून खांबावर ठेवला. खांबावरही धूळ होती. ती त्यांनी तळव्याने पुसली.

"खांबा," ते म्हणाले, आणि आवाज पूर्वीचा होता, "ह्याला सांग, लातूरला गेल्यापासून लई शहाणा झालाय. मला बोलता येतं का ते मला इचारतो. कधी हाय म्हणावं सुनावणी?" मग थोडं थांबून हळू आवाजात म्हणाले, "आन् त्याला म्हण, आल्याबरोबर पाणी इचारलं न्हाई म्हणून राग धरू नको. घरात टँकरचं हाय. ते पाजून मी कुणाचाच अबोला सोडत न्हाई."

मामी आत गेली. तिच्या भांड्यांचा जरा जोरात आवाज आला. मी प्रवासातून आलो होतो, घसा कोरडा पडला होता. पण मी पाणी मागितलं नाही. आम्ही दोघं खांबाच्या दोन बाजूंना बसून राहिलो, एकमेकांशी न बोलता.