एक नंबरचा दस्ता, दोन नंबरची नळी

निवडणूक लागली की लायसनवाल्यांनी आपापल्या बंदुका ठाण्यात जमा करायच्या, हा नियमच आहे. बाबा होते तोवर ते काम त्यांचं. ते गेल्यावर त्यांची दुनळी बंदूक वारसाने आईच्या नावावर झाली. त्या वेळी साहेबाने कागद पाहिला, ठप्पा मारला. बंदूक कपाटातून बाहेरसुद्धा निघाली नाही. आपल्याकडे कामं अशीच होतात, आणि निस्तरायला आपण असतोच.

यंदा ठाण्यात बंदूक खोलून नळीखालचा नंबरही ताडून पाहतात, असं शेजारी सांगून गेले. म्हणून चौबे कॉलोनीतल्या आमच्या घरी मी ती दिवाणावर उघडली. बाबांनी शिकवलं होतं तशी नळी दस्त्यापासून वेगळी केली. नळीच्या पोटाशी नंबर कोरलेला होता. सगळे आकडे लायसनशी जुळले, शेवटचा सोडून. लायसनवर सात, नळीवर आठ. चष्मा पुसून पाहिलं, उजेडात नेऊन पाहिलं. आठ तो आठच.

दुसऱ्याच नंबरची बंदूक म्हणजे बिनलायसनची बंदूक, आणि केस होणार कोणावर, तर आईवर! जिने उभ्या आयुष्यात भाजीवाल्यावर आवाज चढवला नाही, तिच्यावर.

"मले जेलात टाकतीन का वं?" आईने विचारलं.

"काहीतरीच बोलून राहिली तू!" मी खेकसले. भीती वाटली की मी खेकसते, हे तिला माहीत आहे.

सकाळी दोघी बंदुकीच्या दुकानात गेलो. दुकानदाराने भिंग लावलं. नळीखालचे मुकुटाचे बारीक ठसे दाखवून म्हणाला, "विलायती है, बर्मिंघम की. टेस्टिंग का ठप्पा है ये." अरे बाबा, विलायती असो की बिलासपुरी, मला त्या आठाचं सांग! त्याने दस्त्याच्या लोखंडावरचा नंबर दाखवला. तिथे सात होता, लायसनवरचाच. मग नळीच्या वरच्या पट्टीवर दरवर्षीच्या दसऱ्याचं कुंकू तेलात घट्ट बसलं होतं, ते नखाने खरवडलं. खालून सोन्याचा बारीकसा दोनचा आकडा निघाला. दस्त्यावर तसाच सोन्याचा, पण एकचा.

"दीदी, ये जोड़ी का माल है. दस्ता एक नंबर का, नाल दो नंबर की. दूसरी बंदूक जिसके पास है, उसे लाओ. नहीं तो थाने में क्या दिखाओगे?"

मी आईकडे पाहिलं. ती जमिनीकडे पाहत होती.

दुसरी बंदूक काकांकडे, शहरातल्याच तात्यापाऱ्यात. आजोबांनी दोन्ही मुलांना एकेक दिली होती. दर दसऱ्याला काका आपली घेऊन आमच्याकडे यायचे. दोन्ही खोलून, तेल लावून एकाच पाटावर पूजेला मांडायच्या, आणि पूजा झाली की दोघा भावांनी आपापली जोडून घ्यायची. शेवटच्या दसऱ्याला एका लग्नातल्या मानपानावरून दोघांची अशी जुंपली की रागाच्या भरात हाताला लागेल ती नळी लावून मोकळे झाले असणार. मग बोलणं बंद. बाबा गेले तेव्हाही काका आले नाहीत.

तरी आई ऑटोत बसली आणि म्हणाली, "तात्यापारा." वाटभर माझा जीव टांगणीला. काकांनी दार लावून घेतलं तर? बंदूक विकून टाकली असेल तर?

दार काकांनीच उघडलं. केवढे वाकले होते! मी उंबऱ्यातच सगळं घडाघडा सांगितलं. ते आत गेले, आपली बंदूक घेऊन आले आणि नळीच्या पट्टीवर बोट ठेवून ती माझ्यापुढे धरली. एक! मी उंबऱ्यातच बसले.

"उद्या दोन्ही घेऊन ठाण्यात जाऊ, वहिनी," काका म्हणाले. "साहेबासमोर अदलाबदल करू. चूक आमची दोघा भावांची, मी लिहून देतो. तुमच्यावर काही येत नाही."

पण त्यांनी आकडा शोधला नव्हता, सरळ बोट ठेवलं होतं. मला खटकलं.

"काका, तुम्हाले ठाऊक होतं?"

"हव. कधीचंच."

"मग सांगितलं काहून नाही?"

"सांगाले तुमच्या घरी यावं लागलं असतं, पोरी."

"यायचं होतं ना, भाऊजी," आई म्हणाली. "शेवटी शेवटी दाराची कडी वाजली की ते मले म्हणत, पाह्य बरं, तो आला असन."