मनकर्णाबाईची रतन

शुक्रवार पेठेच्या मागच्या अंगाला आमचा विड्यांचा कारखाना होता. मी तिथे चेकर. म्हणजे बायकांनी वळलेली विडी हातात घ्यायची, दाबून बघायची, चांगली ती ठेवायची आणि सैल किंवा फाटकी ती बाजूला काढायची. त्या बाजूला काढलेल्या विड्यांना आम्ही छाट म्हणायचो, आणि छाटीची मजुरी बाईला मिळायची नाही. वैरागजवळच्या खेड्यात सातवी झालेल्या माणसाला यापेक्षा मोठा हुद्दा कोण देणार? पण मी खूश होतो, कारण खालच्या लांब हॉलमध्ये पन्नास-साठ बायका मांडीवर सूप घेऊन बसायच्या, आणि त्यांच्यात मनकर्णाबाई होती.

मनकर्णाबाई तेव्हा पस्तिशीची असेल. नवरा वारलेला, पोटी मूल नाही. विहारात प्रौढांचा वर्ग निघाला तेव्हा ती तिशीत अक्षर शिकली आणि मग तिला आवरणं कठीण झालं. किराण्याच्या पुडीचा कागदसुद्धा वाचल्याशिवाय टाकायची नाही. वाचनालयातून ती जाडजूड, जुन्या कादंबऱ्या आणायची. जुन्याच का, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाली, नव्यांना नंबर लागतो आण्णा, जुन्यांना कोण विचारतंय. त्या साली तिच्या हाती जे पुस्तक लागलं होतं त्याचं कव्हर गेलेलं, पहिली सोळा पानं गेलेली. त्याचं नाव तिलाही माहीत नव्हतं, मला कुठून असणार?

आता विडी वळताना पुस्तक धरता येत नाही, दोन्ही हात गुंतलेले. शिवाय बोटं तंबाखूची. म्हणून ती संध्याकाळी घरी वाचायची आणि दुसऱ्या दिवशी विड्या वळता वळता सांगायची. पहिल्या आठवड्यात तिनं जसं होतं तसं सांगितलं. इनामदार, त्यांची लेक सगुणा, मेणा, गावात शिकायला आलेला गरीब विद्यार्थी, तुळशीवृंदावनात लपवलेली चिठ्ठी. बायका पेंगायला लागल्या. कुणीतरी म्हणालं, मेणा बिणा ऱ्हाऊ दे बाई, आपल्याकडचं काहीतरी सांग की.

मग तिनं अख्खी कादंबरी उचलून सोलापुरात आणली. इनामदार मिलमधला जॉबर, म्हणजे मुकादम, झाला. सगुणाची रतन झाली, आणि रतन विड्या वळायला लागली. विद्यार्थ्याचा एस.टी.चा ड्रायव्हर झाला. तुळशीवृंदावन गेलं, चिठ्ठ्या जेवणाच्या डब्यातून जायला लागल्या. पुस्तकात सगुणा त्या विद्यार्थ्याकडे मान वर करून बघतसुद्धा नव्हती. आमची रतन नळावर घागर भरून वाहायला लागली तरी ड्रायव्हरशी बोलतच उभी. हॉल असा जागा झाला की विचारू नका. मला वर बसून कळायचं, गोष्ट कुठं आली ते. रतन रडली की त्या दिवसाच्या विड्या सैल. बापानं तिच्यावर हात उगारला की विड्या इतक्या घट्ट की त्यातून धूर निघू नये.

आणि एक रीत पडून गेली. गोष्ट असा शब्द कुणी काढायचंच नाही. सकाळी सूप मांडीवर घेतलं की एक जण विचारायची, "मग काल काय झालं रतनचं?" मनकर्णाबाई सांगायची, काल अशी अशी भेट झाली. त्यावर बायका भांडायच्या, शिव्या घालायच्या, सल्ले द्यायच्या. जुन्यांना सगळं माहीत होतं. नव्या बाईला कोण सांगणार?

नवी बाई आली ती कस्तुराबाई. वैरागची. सोलापुरात भावाकडे राहायला आलेली, सोमवारी कामाला बसली. हॉलमध्ये शालन नावाची एक मुलगी होती, वीस वर्षांची, आई नसलेली. बाप रेल्वेच्या गँगमध्ये, आठ आठ दिवस बाहेर. तिचं लग्न वैरागच्या यशवंतशी ठरलेलं, यशवंत तिथे पोस्टात क्लार्क. साखरपुडा झालेला, पत्रिका वाटलेल्या, लग्न दहा दिवसांवर. आणि कस्तुराबाई ही यशवंतची चुलत आत्या.

त्या आठवड्यात रतनचं काय चाललं होतं? तर तिचं लग्न बार्शीकडच्या एका मुलाशी ठरलं होतं, आणि तिनं ड्रायव्हरला चिठ्ठी पाठवली होती की रविवारी अकराला स्टँडवर उभी राहते, मला घेऊन जा. कस्तुराबाई खाली मान घालून तीन दिवस ऐकत होती. रतनच्या हनुवटीवर तीळ. समोर बसलेल्या शालनच्या हनुवटीवर तीळ. रतनच्या साडीला जांभळे काठ. शालनच्या साडीला जांभळे काठ. रतनचा डबा तीन खणांचा, वरच्या खणाला पोचा आलेला. शालनचा डबा तिच्या बाजूलाच होता. गुरुवारी कस्तुराबाई कामावर आली नाही. ती वैरागच्या गाडीत बसली होती.

शनिवारी दुपारी जेवणाच्या सुट्टीत हॉलच्या दारात दोन पुरुष उभे राहिले. पुढे यशवंतचे मामा, सिद्राम. बाजारात धान्य मापायचे, आवाज खणखणीत, पण त्या दिवशी हळू बोलत होते, आणि ते मला जास्त भीतीचं वाटलं. मागे यशवंत, खाली बघणारा. त्यांच्या मागे कस्तुराबाई. सिद्राममामांनी काखेत एक कापडी पिशवी धरलेली. शालनच्या बापानं साखरपुड्याला दिलेलं पोशाखाचं कापड त्यात होतं. ते परत करायला आणलं होतं. शालनचं घर बंद बघून ते इकडे आले होते.

मी धावत खाली गेलो. मामांनी मला विचारलं, ही रतन कोण? मी म्हणालो, अहो, ती पुस्तकातली आहे. कस्तुराबाई म्हणाली, "नाव बदलून सांगत्यात, येवढं कळतंय की मला. रोज सकाळी ह्या बाया इचारत्यात, काल काय झालं म्हणून. पुस्तकात काल आसतंय व्हय?"

मी पुन्हा पुस्तक पुस्तक करत राहिलो. मामा मला म्हणाले की तुम्ही कारखान्याचे, तुम्ही यांच्याच बाजूनं बोलणार. शालन भिंतीला टेकून उभी होती, तोंडाला पदर लावून. तिला इतकंच कळलं होतं की लग्न मोडायला आलेत आणि बाप गावात नाही. पत्रिका वाटल्यावर मोडलेलं लग्न म्हणजे काय, हे तिथे बसलेल्या प्रत्येक बाईला माहीत होतं. तिला परत कोण विचारणार होतं?

मनकर्णाबाई उठली, दोन गल्ल्या सोडून घर होतं, तिथून पुस्तक घेऊन आली. धापा टाकत मामांच्या पुढ्यात धरलं. मामांनी ते यशवंतच्या हातात दिलं, वाच म्हणाले. यशवंतनं वाचलं. इनामदार, मेणा, सगुणा, वृंदावन. अर्धं पान झालं, एक पान झालं. हॉलमध्ये कुणी हात हलवत नव्हतं.

मामांनी विचारलं, ड्रायव्हर कुठं आहे यात? स्टँड कुठं आहे? यशवंतनं पानं चाळली आणि मान हलवली. ज्या पुस्तकानं सुटका व्हायची त्याच पुस्तकानं पोरीचा गळा धरला होता.

"मामा, ते मी बदललंय," मनकर्णाबाई म्हणाली.

"आन् तीळ? काठ?"

इथे ती खोटं बोलू शकली असती. योगायोग म्हणाली असती. शालन तिच्याकडे बघत होती. मनकर्णाबाई म्हणाली, "ते शालनचंच हाय. माज्या समोर बसती ती. पुस्तकातल्या पोरीला तोंड न्हवतं, मी हिचं दिलं. हिला इचारलं न्हाय, ही माजी चूक."

हॉलमध्ये एकदम कुजबुज उठली. कस्तुराबाईनं मामांकडे असं बघितलं की झालं, कबूल झालं. मामांनी खाली बसून पिशवी मांडीवर घेतली आणि गाठ सोडायला लागले. शालन मटकन खाली बसली.

मनकर्णाबाई पुढे झाली. तिनं मामांना विनवलं की कापड काढायच्या आधी एक करा. मी अजून वाचलेलं नाही असं मागचं कुठलंही पान तुमच्या हातानं उघडा. यशवंतनं ते मोठ्यानं वाचावं. मग मी काय करते ते बघा, आणि नंतर तुम्हाला वाटेल ते करा. मग मामांनी एका हातानं पिशवी धरून दुसऱ्या हातानं पुस्तक मधोमध न उघडता शेवटाकडे उघडलं. फसवून घ्यायचं नव्हतं त्यांना.

यशवंतनं वाचलं. पानावर असं होतं की सगुणेला बघायला एक म्हातारा सरदार घोड्यावरून येतो, मिशांना कलप लावलेला. बरोबर मध्यस्थ शास्त्रीबुवा. सरदार बैठकीवर बसतो, फराळ होतो, मुलीला बोलावतात. पान तिथे संपलं.

मनकर्णाबाईनं डोळे मिटले. तिचे हात रिकामे होते आणि तिला ते कुठे ठेवावेत कळेना. मग तिनं जवळचं सूप मांडीवर ओढलं, पान घेतलं, तंबाखू भरली, आणि विडी वळता वळता बोलायला लागली.

"काल रतनला बगायला बार्शीच्या पोराच्या जागी एक म्हातारा आडत्या आला," ती म्हणाली. "राजदूत मोटरसायकलवरनं. ऊन ह्ये आसं. मिशीचा कलप वितळून वठावर आलेला, त्यो च्या पितोय तर बशीत काळं उतरतंय."

एक बाई फिसकन हसली आणि गप्प झाली.

मनकर्णाबाई पुढे सांगत गेली. घरात कोण कोण होतं, पोहे कुणी केले, शेजारीण खिडकीतून कशी वाकली. शेजारणीला तिनं मान जरा तिरकी करायला लावली आणि नथ चाचपायला लावली. कस्तुराबाईचा हात नाकाशी होता, तो खाली आला. मग मध्यस्थ आला.

"मध्यस्थ चांगला मानूस. आवाज मोटा, बाजारात घुमणारा. पन काल हळू बोलत हुता. मांडीवर पिशवी, आन् पिशवीचं त्वांड दोनी मुठीत आसं धरलेलं, जशी काय आत कोंबडी हाय आन् सोडली तर हिंडंल घरभर."

सगळ्या हॉलनं सिद्राममामांच्या मुठींकडे बघितलं. मामांनीही बघितलं. दोन्ही मुठी पिशवीच्या तोंडावर घट्ट होत्या, बोटं पांढरी पडलेली. त्यांनी त्या सोडल्या नाहीत. चेहरा लाल झाला. मला वाटलं आता उठतात आणि जातात. संपलं. मनकर्णाबाईलाही वाटलं असणार, कारण तिच्या हातातली विडी सुटली आणि तंबाखू सुपात सांडली. तरी ती थांबली नाही. म्हणाली, मध्यस्थानं रतनकडे बघितलं, आणि त्याला स्वतःची धाकटी बहीण आठवली.

मग मात्र ती थांबली.

मामा पिशवीकडे बघत म्हणाले, "मला यशवंतच्या आईच्या पाठची आनिक एक बहीण हुती हे तुला कुनी सांगितलं?"

"कुनी न्हाय. समद्यांनाच आसती की एखादी."

मामांनी पिशवी मांडीवरून काढून बाजूला जमिनीवर ठेवली. मग विचारलं, "बरं मग? पोरगी काय म्हनली?"

मी पुष्कळ वेळा हे सांगितलं आहे, आणि ऐकणारे इथे हसतात. मला त्या वेळी हसू आलं नाही. मामा कस्तुराबाईला एवढंच म्हणाले की बसल्या जागी माझी गोष्ट झाली, तर समोर बसणाऱ्या पोरीची व्हायला काय लागतंय. कस्तुराबाई पुटपुटली की मला कुणी आधी सांगितलंच नाही. तेही खरंच होतं. त्यात तिचा दोष काय काढायचा?

पिशवी उचलून मामा निघाले. लग्न ठरल्या दिवशीच, म्हणाले. बायकांनी सुपं ओढली. सगळं मिटलं असं मला वाटलं, आणि शालन उठली.

ती यशवंतच्या समोर जाऊन उभी राहिली. साखरपुड्यानंतर ती दोघं पहिल्यांदाच एकमेकांशी बोलत असतील.

"तुमाला खरं वाटलं हुतं का?" तिनं विचारलं.

मामांनी मागे वळून बघितलं. यशवंतला नाही म्हणता आलं असतं. सगळ्यांनाच ते आवडलं असतं, मलासुद्धा. त्याच्या हातात अजून ते पुस्तक होतं. ते त्यानं मिटलं.

"व्हय," तो म्हणाला. "दोन दिवस. आज सकाळी गाडीत बसल्यावर वाटलं, आदी तुला इचारायला पायजे हुतं. पन मामांना म्हनायचं धाडस झालं न्हाय."

शालन त्याच्याकडे बघत राहिली. मनकर्णाबाईनं काहीतरी बोलायला तोंड उघडलं तेव्हा शालननं हातानंच तिला थांबवलं. हे तिचं तिला ठरवायचं होतं.

"पुढच्या टायमाला मला इचारायचं," ती म्हणाली. "आदी मला. मग मामांना."

"व्हय," यशवंत म्हणाला.

"आन् उद्या आकराला स्टँडवर मी नसनार. येऊन बगायचं आसंल तर बगा."

तो हसला नाही. म्हणाला, "मी येनार न्हाय बगायला."

तिनं मान हलवली, जागेवर जाऊन बसली आणि सूप मांडीवर घेतलं. ठरल्या दिवशी विहारात लग्न झालं. मी गेलो होतो. मनकर्णाबाई वधूच्या बाजूनं आईच्या जागी उभी होती, नवं लुगडं नेसून, आणि सगळा वेळ रडत होती. त्या शनिवारी दुपारच्या विड्या मात्र मी तपासल्या तेव्हा निम्म्याच्या वर छाट निघाल्या. मी त्या तशाच चांगल्यात घातल्या. आयुष्यात तेवढीच एक लबाडी केली, आणि ती केल्याचं मला अजून बरं वाटतं.