हाताची घडी

माझं अक्षर वाईट आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधीच जमलं नाही. चौथीपर्यंत शिकले, पुढची शाळा दुसऱ्या गावाला होती. तेव्हा ही वही कोणाच्या हाती पडलीच तर चुका पोटात घालाव्यात. मला चारचौघांत बोलता येत नाही, म्हणून लिहिते.

माझं माहेर रहिमतपूरकडचं. लग्न होऊन सांगलीला आले. नवरा ट्रकवर, महिन्यातून चार दिवस घरी. मी हळदीच्या गोडाऊनमध्ये निवडायला जाते. शिजवून वाळवलेली हळद खाली ओततात, आम्ही बायका लांब हळकुंडं, गोल गड्डे आणि कणी वेगळी करतो. लेक तीन वर्षांची झाली तशी तिला बरोबर न्यायला लागले. घरी ठेवणार कोणाकडे?

सुरुवातीला ती पोत्यावर बसून नुसती बघायची. मग एके दिवशी आपली आपणच उठली आणि तेलाचा रिकामा डबा घेऊन आली. हळकुंडं भरायची, ओतायची, परत भरायची. मला वाटलं, कंटाळेल. कंटाळली नाही. पुढे ती हळकुंडांची ओळ लावायला लागली. सगळ्यांत मोठं भिंतीपाशी, त्याच्याहून लहान त्याच्या शेजारी, असं करत दारापर्यंत. मधलं एखादं चुकलं की तिचं तिलाच दिसायचं. ती जाऊन बदलायची. मी काही शिकवलं नव्हतं. मला सुचलंही नसतं.

कोपऱ्यात एक जुना तराजू पडून होता. आता वजन मोठ्या काट्यावर होतं, त्याला कोणी हात लावत नाही. तिने एका पारड्यात गड्डा ठेवला आणि दुसऱ्यात हळकुंडं टाकत बसली. दोन टाकली तरी गड्डाच खाली. तिसरं टाकलं तर हळकुंडांचं पारडं खाली आपटलं. तिसरं काढून तिने त्याहून बारीक शोधलं, मग त्याहूनही बारीक. जेवायला हाक मारली ती तिला ऐकू गेली नाही. दोन्ही पारडी सारखी झाली तेव्हा तिने आमच्याकडे पाहिलंही नाही. एक लांब श्वास सोडला, सगळं काढलं आणि पुन्हा पहिल्यापासून मांडलं.

"आगं, तुझी लेक मुकादमीण व्हणार," शेजारची म्हातारी म्हणाली. "उद्या आमची हजेरी घ्यायची ही."

"घेऊ दे की," दुसरी म्हणाली. "आत्ताच्या मुकादमापरीस बरं मोजंल."

मीही हसले. पण मुकादमीण हा शब्द मला आत कुठेतरी टोचला. माझी लेक याच धुळीत बसणार, असंच मला ऐकू आलं.

त्या वर्षी माहेरी लग्न होतं. लेकीचे हात कितीही घासले तरी पिवळेच राहायचे, नखं तर फारच. पंगतीत भावजयीने तिचा हात सगळ्यांना दाखवला.

"वन्सं, लेकीला आत्ताच हळद लावून आणली व्हय? नवरा कुटं बसवलाय?"

पंगत हसली. भावजय मनाने वाईट नाही, तिला बोलायची हौस. मी लेकीचे हात पदराखाली घेतले. ती ते बाहेर काढायला बघत होती, तिला द्रोणात द्रोण बसवायचे होते. परतताना एसटीत मी ठरवलं, हिला इंग्रजी शाळेत घालायचं.

गोडाऊनच्या मालकांना आम्ही अण्णा म्हणतो. त्यांच्याकडून उचल घेतली. फी, गणवेश, बूट, सगळं त्यात झालं. दर आठवड्याच्या मजुरीतून थोडे थोडे कापायचे, असं ठरलं. शाळेत नेण्याआधी मी तिची नखं लिंबाने घासली. तिची बोटं झोंबत होती.

आठ दिवसांत बोलावणं आलं. मॅडम म्हणाल्या, "मुलगी हुशार असेल, पण एका जागी बसत नाही. आज खडूंचा सगळा बॉक्स रिकामा करून फरशीवर ओळ लावून ठेवली. घरी सवय लावा."

ओळ मोठ्यापासून लहानापर्यंत होती का, असं विचारायचं माझ्या ओठांवर आलं होतं. पण "व्हय, लावते," एवढंच म्हटलं.

आणि लावली. शाळेत म्हणतात तसंच मी म्हणायचे, हाताची घडी, तोंडावर बोट. रोज संध्याकाळी स्वयंपाक होईपर्यंत तिला भिंतीला टेकून तसं बसवायचे. सुरुवातीला घडी सुटायची. एकदा डाळ एका वाटीतून दुसऱ्या वाटीत ओतत होती, तेव्हा मी तिच्या बोटांवर पळी मारली. ती रडली नाही. वाटी खाली ठेवली आणि जाऊन भिंतीला टेकली. मला बरं वाटलं, हे लिहायलाच पाहिजे. वळण लागलं असं वाटलं.

दोन वर्षांनी तिला शांत मुलगी म्हणून शाळेने कागद दिला. मी तो खिळ्याला अडकवला.

त्याच वर्षीच्या सुट्टीत तिला गोडाऊनला नेलं. बायकांना किती दिवसांनी दिसली. मी तराजू पुसून तिच्यापुढे ठेवला, दोन गड्डे आणि मूठभर हळकुंडं ठेवली आणि कामाला लागले. थोड्या वेळाने पाहिलं तर पोत्यावर ती हाताची घडी घालून बसली होती. एक बोट ओठांवर.

"आगं, खेळ की," मी म्हटलं.

"काय करू?" ती म्हणाली.

"करशील ते कर."

"पण काय ते सांग ना."

एक-दोघी हसल्या. म्हातारी म्हणाली, "पोर लय शानी झाली गं." आणि मान खाली घालून निवडायला लागली.

तेव्हापासून मला दिसायला लागलं. पाणी प्यायचं तरी ती आधी विचारायची, घेऊ का? चप्पल घालू का? भाकरीचा तुकडा मोडू का?

पहिलीच्या वर्षात मी तिला त्या शाळेतून काढून नगरपालिकेच्या शाळेत घातलं. बाई बऱ्या आहेत. वाटलं होतं, मोकळी होईल. मी मुद्दाम घरात डबे, झाकणं, बिया तशाच पडू द्यायचे. ती ते गोळा करून फळीवर ठेवायची आणि विचारायची, बरोबर ठेवलं का?

मध्यंतरी आमच्या बोळातल्या अंगणवाडीत नवीन ताई आल्या. दारातून पाहिलं, तर पोरं तांदूळ आणि राजमा वेगळे करत होती, पेल्यातून पेल्यात पाणी ओतत होती. फरशी भिजली होती आणि ताई फडकं घेऊन नुसत्या बसल्या होत्या. मी उभी दिसले म्हणून म्हणाल्या, "मावशी, एवढ्या वयात हातानंच कळतं पोरांना. आपण मधी पडायचं नाही."

मी मान हलवली. घरी येऊन चुलीपाशी बसले. त्या दिवशी भाकरी केल्या नाहीत.

लेक आता सहावीत आहे. मार्क चांगले पडतात. मी एकदा तिला विचारलं, तुला तो तराजू आठवतो का गं?

"कुठला?" ती म्हणाली.

ती इंग्रजी शाळा सुटून पाच वर्षं झाली, तिच्यासाठी घेतलेली उचल फेडणं मात्र चालूच होतं. मध्ये नवरा दवाखान्यात होता, तेव्हा वर्षभर काहीच देता आलं नाही. अण्णांनी कधी टोकलं नाही. गेल्या शनिवारी त्यांनी वही उघडली, माझ्या मजुरीतून शेवटचे पैसे काढून घेतले आणि नावापुढे रेघ मारली.

"फिटले बघा सगळे," ते म्हणाले. "आणि लागले तर सांगा."

मी नको म्हटलं.