दुर्बिणीपायी थांबलेला दिवा

मंडळी, संध्याकाळपासून मन खातंय, म्हणून लिहितेय.

आमचं घर चाकणजवळ. तिन्ही बाजूंनी कंपन्यांचा उजेड, त्यामुळे आभाळात अंधुक काही दिसणं म्हणजे नशीबच. आज शिफ्टवरून आल्या आल्या मी परसात दुर्बीण लावली आणि सासूबाईंना ओरडून सांगितलं, "आत्या, लाईट लावू नका हं! डोळे अंधाराला सरावायला लागतात."

बराच वेळ शोधल्यावर देवयानी दीर्घिका सापडली. नुसता धुक्यासारखा पुसट डाग, पण मला नाचावंसं वाटलं.

सांगायला आत गेले, तर अख्खं घर काळोखात. आत्या खाली बसून चाचपत वाटाणे सोलत होत्या.

"दिसलं का गं तुझं?"

"हो, दिसलं."

"मंग आता देवापाशी दिवा लावू?"

तिन्हीसांजेचा दिवा त्यांनी कधी चुकवलेला मला आठवत नाही. अहो, मला फक्त परसातला बल्ब म्हणायचा होता!

कंपन्यांना लाईट बंद करा म्हणायची माझी हिंमत नाही. आत्यांना मात्र बिनदिक्कत सांगून मोकळी झाले.

तुमच्या छंदापायी तुमच्या घरात कोण अंधारात बसतं? एकदा आत जाऊन बघा.