पालकांच्या नंबरांची यादी

गरम तेलाचा वास आला की अमेरिकेत नेपरव्हिलच्या शाळेत असतानाची एक दुपार आठवते. ज्यांना शाळेच्या रिट्रीटचा, म्हणजे मुक्कामी सहलीचा, खर्च परवडत नव्हता, त्यांच्यासाठी मी आणि माझी मैत्रीण तिथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात बटाटेवडे विकत होतो; तिलाही तो खर्च परवडत नव्हता. शाळेतल्या पालकांच्या नंबरांची यादी माझ्याजवळ होती. ती पाहून विमा विकणारे एक काका म्हणाले, “सगळा खर्च माझा. फक्त पालकांचे फोन नंबर दे.” “कशाला, काका?” “अगं, ओळख नको का व्हायला?” ते जरा जास्तच गोड हसले. मैत्रीण कुजबुजली, “यार, देऊन टाक ना!” “लोकांचे नंबर विकायला ठेवलेले नाहीत,” असं म्हणून मी यादी बॅगेत कोंबली. वडे संपले, पण पैसे पुरले नाहीत. काकांवरचा माझा संशय आजही गेलेला नाही. पण तत्त्व माझं होतं, घरी ती राहिली, आणि मी मात्र बसमध्ये चढले.